निक्कोचं तोशोगू: कोरीवकाम नीट बघायचं असेल तर

तोक्योच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतातल्या निक्को गावात तोशोगू हे शिंतो देवस्थान आहे. बहुतेक प्रवासी ते तोक्योहून एका दिवसात उरकतात. तीन माकडं, झोपलेली मांजर, सोनेरी दरवाजा, की परत स्टेशन. इथल्या इमारतींवर मोजलेली कोरीव शिल्पं ५१७३ आहेत. त्यातली ५०८ योमेइमोन या एका दरवाजावर, ६११ त्यापुढच्या कारामोनवर आणि २४६८ मुख्य मंदिराच्या इमारतींवर. घाईघाईत हे सगळं फक्त चकचकीत दिसतं, कळत काहीच नाही. म्हणून व्हिसापासून परतीच्या गाडीपर्यंत सगळं क्रमाने लिहीत आहे. आमची भेट १९ नोव्हेंबर २०२४, मंगळवारची. दर आणि वेळा त्या वेळच्या आहेत. निघण्याआधी देवस्थानाच्या संकेतस्थळावर एकदा तपासून घ्या.

व्हिसाचा अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दिला. पर्यटनाचा अर्ज वाणिज्य दूतावासात नेऊन द्यायचा नसतो, तो व्हिसा अर्ज केंद्रात घेतात. पासपोर्ट, फोटो लावलेला अर्ज, विमानाचं आरक्षण, हॉटेलांची आरक्षणं, बँकेचं स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रं, नोकरदारांसाठी कंपनीचं रजेचं पत्र आणि दिवसवार कार्यक्रम, एवढी कागदपत्रं लागतात. सगळ्यात जास्त गडबड होते ती दिवसवार कार्यक्रमात. कुठल्या तारखेला कुठल्या गावी मुक्काम, ते हॉटेलच्या आरक्षणाशी तंतोतंत जुळायला हवं. निक्कोला एक रात्र राहणार असाल तर ती रात्र तोक्योच्या हॉटेलात दाखवू नका. व्हिसाचं मूळ शुल्क भारतीयांसाठी अगदी थोडं आहे, केंद्राचं सेवाशुल्क त्याहून जास्त पडतं. निकालाला आठवडाभर धरून चाला. शरद ऋतू आणि चेरीच्या मोसमात त्याहून जास्त वेळ हाताशी ठेवावा.

एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, म्हणजे पासपोर्टवर काही चिकटवत नाहीत. व्हिसा मिळाल्याची सूचना विमानतळावर इंटरनेट चालू ठेवून फोनवर थेट उघडून दाखवावी लागते. पीडीएफ, स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही. तेव्हा फोन चार्ज केलेला हवा आणि उतरल्या उतरल्या चालेल असं रोमिंग किंवा ई-सिम आधीच घेतलेलं हवं. ‘व्हिजिट जपान वेब’वर माहिती भरून क्यूआर कोड तयार ठेवला तर इमिग्रेशन आणि कस्टमचे कागद भरत बसावं लागत नाही.

तोक्योहून निक्कोला दोन रेल्वे जातात. जपान रेल पास असेल तर शिनकानसेनने उत्सुनोमिया गाठायचं, ते साधारण ५० मिनिटं, आणि तिथून जेआरच्या निक्को लाइनने आणखी पाऊण तास. पास नसेल तर आसाकुसा स्टेशनवरून तोबू कंपनीची गाडी स्वस्त आणि सोपी. तिला जपान रेल पास चालत नाही. साधं भाडं १४०० येन आहे आणि एक्सप्रेस गाडीचा अधिभार वेगळा, गाडीप्रमाणे १६५० च्या आसपास किंवा थोडा जास्त. वेळ दोन तासांच्या थोडा आत. तोबूचा दोन दिवसांचा ‘निक्को पास’ जाण्या-येण्याचं साधं भाडं आणि तिथल्या देवस्थान परिसरातल्या बस भरून काढतो, पण एक्सप्रेसचा अधिभार त्यात धरलेला नाही. इथे अनेक जण फसतात: पास दाखवून थेट एक्सप्रेसमध्ये चढतात आणि गाडीत अधिभार भरतात. दुसरी गोष्ट, शिमो-इमाइची स्टेशनला फाटा फुटतो. काही गाड्या तिथून किनुगावा-ओनसेनकडे जातात. पाटीवर ‘तोबू-निक्को’ नसेल तर शिमो-इमाइचीला उतरून गाडी बदलायची.

आम्ही आदल्या संध्याकाळी पोहोचून निक्कोतच राहिलो, आणि कोरीवकामासाठी जाणाऱ्या कुणालाही हेच सांगेन. कारण साधं आहे. नोव्हेंबर ते मार्च देवस्थान ९ ते ४ उघडं असतं (एप्रिल ते ऑक्टोबर ५ पर्यंत) आणि प्रवेश बंद होण्याच्या अर्धा तास आधी थांबतो. तोक्योहून सकाळी निघून आत शिरेपर्यंत साडेदहा-अकरा होतात. उंच सुगी झाडांमुळे दुपारी तीननंतर बराचसा आवार सावलीत जातो आणि वळचणीखालचे बारकावे डोळ्यांना दिसेनासे होतात. योमेइमोनचं तोंड दक्षिणेला आहे, त्यामुळे उजेडाचे चांगले तास सकाळी उशिरापासून भर दुपारपर्यंतचे. तेच प्रवासात गेले तर मग उरतं काय?

सामान तोबू-निक्को स्टेशनच्या लॉकरमध्ये किंवा हॉटेलवर ठेवा. स्टेशनपासून देवस्थान दोन किलोमीटरच्या आत आहे, पण चढ आहे. पायी अर्धा तास, बसने दहा मिनिटांच्या आत. देवस्थान ६०० मीटरहून उंचावर आहे, तोक्योपेक्षा स्पष्ट गार. जाड मोजे जरूर घाला, कारण आत दोन ठिकाणी बूट काढून लाकडी जमिनीवर चालायचं आहे आणि ती जमीन बर्फासारखी लागते. बूट चटकन निघणारे असावेत. आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे लहान दुर्बीण, आठ पटीची पुरते. फोनच्या झूममध्ये सोनेरी वर्ख नुसता पसरट डाग दिसतो. दुर्बिणीतून पटाशी कुठे थांबली, लाकूड कुठे आरपार कोरलं आणि रंग कुठे बसवला, हे वेगळं दिसतं.

तिकीट १६०० येन, शाळकरी मुलांना ५५०. संग्रहालयाचं तिकीट वेगळं. शेजारच्या रिन्नोजी या बौद्ध मंदिराचंही वेगळं, हा गोंधळ खूप जणांचा होतो. १८६८ नंतर सरकारने शिंतो आणि बौद्ध संस्था वेगळ्या केल्या, त्याआधी हा सगळा परिसर एकच होता. म्हणून तर शिंतो देवस्थानाच्या दारात बौद्ध पॅगोडा उभा आहे.

तिकिटाच्या रांगेत लागण्याआधी त्या पाच मजली पॅगोडापाशी थांबा, तो बाहेरून बघायला पैसे लागत नाहीत. आगीत जळाल्यावर १८१८ साली तो पुन्हा बांधला. खालच्या मजल्याभोवती चिनी-जपानी वर्षचक्रातले बारा प्राणी कोरले आहेत (दर वर्षाचा एक प्राणी), प्रत्येक बाजूला तीन. दर्शनी बाजूला वाघ, ससा आणि ड्रॅगन आहेत: तोकुगावा घराण्यातले पहिले तीन शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ते, इएयासु, हिदेतादा आणि इएमित्सु यांची जन्मवर्षं. दिवसभर जी चिन्हांची भाषा वाचायची आहे तिची सवय इथेच होते.

थोडा इतिहास लागेल. तोकुगावा इएयासु १६१६ साली वारला. आधी त्याला शिझुओकाजवळच्या कुनोझानवर पुरलं, १६१७ मध्ये निक्कोला आणून देवत्व दिलं. आज दिसतं ते बहुतेक बांधकाम नातू इएमित्सुने १६३४ ते १६३६ मध्ये करून घेतलं. मुख्य सुतार कोरा मुनेहिरो, चित्रांची जबाबदारी कानो तान्यूकडे. काम सतरा महिन्यांत उरकलं आणि देवस्थानाच्या जुन्या हिशेबात त्याचा खर्च ५,६८,००० र्यो सोनं, शिवाय चांदी आणि तांदूळ असा नोंदलेला आहे. हे शिल्पकाम म्हणजे नुसती हौस नव्हती. शंभरावर वर्षांच्या लढायांनंतर आलेली शांतता टिकवण्याची जाहीर घोषणा लाकडात कोरलेली आहे. हे डोक्यात ठेवलं की अर्धी शिल्पं आपोआप उलगडतात.

मंगळवार म्हणजे गर्दी नसेल असं समजू नका. आठवड्याच्या मधल्या दिवसांत शाळांच्या सहली येतात. मुलांचे घोळके तीन माकडांपाशी आणि मांजरीपाशी थांबतात, कारण धड्यात तेच असतं. त्यामुळे आम्ही क्रम उलटा केला: ९ वाजता आत शिरून माकडं आणि योमेइमोन मागे टाकून थेट मांजरीकडे गेलो, तिथून वर समाधीपर्यंत. आत एकदा शिरल्यावर मागेपुढे कितीही फिरता येतं.

झोपलेली मांजर, नेमुरी-नेको, साकाशितामोन दरवाजाकडे जाणाऱ्या मार्गिकेच्या तुळईवर आहे. सरळ चालत गेलात तर डोक्यावरून निघून जाते, इतकी छोटी आहे: जेमतेम वीतभर. आजूबाजूला पेओनीची फुलं. कोरणारा हिदारी जिंगोरो असं सांगतात, पण तो माणूस अर्धा दंतकथेतलाच. तिच्याखालून जाऊन लगेच मागे वळा. पाठीमागच्या बाजूला बांबूत दोन चिमण्या खेळताना दिसतील. मांजर झोपलेली आहे म्हणून चिमण्या निर्धास्त आहेत, हीच ती शांतता. पुढून फोटो काढून पुढे जाणाऱ्यांना शिल्पाचा अर्धा भाग दिसतच नाही.

तिथून २०७ दगडी पायऱ्या ओकुमियाकडे, म्हणजे इएयासुच्या समाधीकडे जातात. याचं वेगळं तिकीट आता नाही. पायऱ्या उंच आहेत आणि नोव्हेंबरात ओल्या पानांनी निसरड्या होतात. वर कोरीवकाम जवळजवळ नाही, साधा ब्राँझचा स्तूप आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हा भाग सोडला तरी कोरीवकामाच्या दृष्टीने फारसं बिघडत नाही.

खाली उतरल्यावर योमेइमोन. इथे निदान तासभर तरी द्या. उंची ११.१ मीटर, रुंदी ७ मीटर, म्हणजे आकाराने फार मोठा नाही. पण सोनं, पांढरा रंग आणि काळ्या लाखेसारखा उरुशीचा लेप एकदम अंगावर येतो आणि डोळा कुठेच ठरत नाही. म्हणून मजल्या-मजल्याने बघा.

वरच्या भागात ड्रॅगनसारखे दिसणारे तीन वेगळे प्राणी आहेत. मिशा लांब लोंबतायत तो खरा ड्रॅगन. पायाला खूर असतील तर तो र्यूबा, ड्रॅगन-घोडा. ड्रॅगनसारखंच तोंड पण मिशा नाहीत आणि वरच्या ओठावर नाकपुड्या उघड्या दिसतात, तो इकी. दुर्बिणीतून मिशा आणि पाय, एवढंच तपासत गेलात की नुसती गर्दी वाटणारी रांग वाचता येऊ लागते. सोंडेचे प्राणीही दिसतील. ते हत्ती असतीलच असं नाही. बाकू नावाच्या काल्पनिक प्राण्यालाही सोंड आहे; आयाळ कुरळी आणि अंगावर ठिपके असले तर बाकू. बाकू लोखंड आणि तांबं खातो अशी समजूत. लढाई नसेल तेव्हाच धातू हत्यारांतून मोकळा होऊन त्याच्या पोटाला मिळतो, म्हणून तो शांततेचं चिन्ह.

मधल्या कठड्याभोवती चिनी मुलं खेळताना कोरली आहेत. त्यांतला एक प्रसंग शोधून काढा: एक मूल पाण्याच्या मोठ्या रांजणात पडलंय आणि दुसरा मुलगा रांजण फोडून त्याला वाचवतोय. ही सिमा ग्वांग या चिनी विद्वानाच्या लहानपणची गोष्ट. फुटलेल्या भोकातून बाहेर येणारं पाणीसुद्धा लाकडात दाखवलं आहे.

आता खांब. बारा पांढरे खांब आहेत आणि त्यांवर गोल वळणांची एकच नक्षी वरून खाली कोरलेली. आतल्या, म्हणजे उत्तरेकडच्या रांगेतला पश्चिमेकडून दुसरा खांब बघा. त्यावरची नक्षी उलटी आहे. पूर्ण झालेली वास्तू त्या क्षणापासून ढासळायला लागते, या समजुतीने ती मुद्दाम अपुरी ठेवली. मधल्या एका खांबावर लहान वाघ कोरलेला आहे. त्याच्या अंगावरचे पट्टे पटाशीने काढलेले नाहीत. लाकडाच्या रेषा जिथे नेमक्या वळतात तिथेच आकार बसवला आहे. तिरका उजेड असेल तर हे चांगलं दिसतं, समोरून फ्लॅश मारला तर रेषा मरून जातात.

रंग इतका कोरा का, असा प्रश्न पडतोच. योमेइमोनची शेवटची मोठी दुरुस्ती २०१३ ते २०१७ चालली आणि १० मार्च २०१७ ला तो पुन्हा खुला झाला. सोन्याचे सुमारे २,४०,००० वर्ख त्यात लागले. बाजूच्या भिंतीवरची पेओनीची कोरीव फळी काढली तेव्हा मागे सारसांचं जुनं चित्र निघालं होतं. धुकं, पाऊस, बर्फ आणि ऊन यांत उघड्यावरचा रंग टिकत नाही, म्हणून दुरुस्तीचं चक्र कायम चालू असतं. हे काम निक्कोतल्या देवस्थानांसाठी असलेली एक संरक्षण संस्था तिच्या कारागिरांकडून करून घेते. आधी जुना लेप खरवडतात, किडलेलं लाकूड बदलतात, मग उरुशी, म्हणजे झाडाचा चीक, मातीच्या बारीक पुडीत कालवून थर देतात. प्रत्येक थर वाळवून घासायचा. त्यावर वर्ख, आणि शेवटी शिंपल्यांची पांढरी पूड व खनिज रंग सरसात कालवून. सरस पाण्याला नाजूक असतो, त्यामुळे रंग आधी उडतो, खालची उरुशी नंतर. वळचणीखालच्या आणि पावसाचा मार बसणाऱ्या शिल्पांत हा फरक नीट दिसतो. आणि म्हणूनच जाण्याआधी कुठली इमारत सध्या पडद्याआड आहे ते बघून जा, एखादी असतेच.

पुढचं कारामोन पांढरंशुभ्र आहे. त्यातून सामान्य माणसाला आत जाता येत नाही, पण त्यावरचा चिनी सम्राट शुनच्या दरबाराचा देखावा बाहेरूनच बघायचा आहे. ही माणसांची अख्खी रांग केयाकी लाकडाच्या एकाच तुकड्यातून कोरली आहे. इथेही दुर्बीण लागते. मुख्य मंदिरात बाजूने शिरायचं, बूट काढायचे, आत फोटो काढायचे नाहीत. छतावर शंभर चौकटींत शंभर ड्रॅगन रंगवले आहेत, प्रत्येक वेगळा. आत आल्यावर लोक समोर बघून नमस्कार करतात आणि वर न बघताच निघतात. नमस्काराची पद्धत: दोन वेळा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं.

बाहेर आल्यावर होन्जिदो नावाची इमारत. तिकीट तेच, बूट पुन्हा काढायचे. गटागटाने आत घेतात. छतावरच्या ड्रॅगनच्या डोक्याखाली लाकडी पट्ट्या एकमेकांवर आपटल्या की घंटेसारखा लांब नाद घुमतो, आणि तीच टाळी दोन पावलं बाजूला वाजवली की काहीच होत नाही. मूळ इमारत १९६१ च्या आगीत गेली, ही पुन्हा बांधलेली आहे. फोटोला इथेही बंदी.

दुपारी सहली जेवायला गेल्या की माकडांकडे या. हा पवित्र घोड्यांचा तबेला आहे, आणि माकड घोड्याला आजारापासून वाचवतं अशी समजूत असल्यामुळे माकडं इथे. हीच इमारत रंगवलेली नाही, साधं लाकूड आहे. चित्रपट्ट्या आठ, माकडं सोळा. सगळे तीन माकडांचा फोटो काढतात. ती दुसरी पट्टी. डावीकडून क्रमाने वाचा: आई कपाळावर हात धरून पिल्लाचं भविष्य बघते, मग वाईट न ऐकणं, न बोलणं, न बघणं, मग एकटं बसलेलं पोर, आभाळाकडे बघणारे तरुण, खचलेला आणि त्याला धीर देणारा मित्र, प्रेमात पडून विचारात गढलेलं, लाटेसमोर उभं जोडपं, आणि शेवटी पोटुशी माकडीण. हे सगळं एकाच भिंतीवर नाही. कोपरा वळून दुसऱ्या बाजूलाही जावं लागतं. तिथे गर्दी नसते.

तबेल्यासमोरच्या तीन कोठारांपैकी कामिजिन्कोच्या त्रिकोणी कमानीत दोन हत्ती आहेत. आराखडा कानो तान्यूचा, आणि त्याने हत्ती कधी पाहिला नव्हता. आपल्याकडच्या माणसाला इथे जरा जास्त वेळ थांबायला काही हरकत नाही, कारण काय चुकलंय ते आपल्याला लगेच दिसतं: कान, शेपटीचे झुबके, डोळे. पण सोंडेचं वजन आणि पाय टाकण्याची ढब त्याने ऐकीव माहितीवर जवळजवळ बरोबर पकडली आहे, आणि ते मला फार मोठं वाटतं.

बाहेर पडायला दुपारचे अडीच झाले. जेवणासाठी निक्कोची खासियत युबा, सोयाच्या दुधावरची साय. शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवा, युबा स्वतः शाकाहारी असली तरी ती बहुधा माशाच्या दाशीत, म्हणजे अर्कात, शिजवतात किंवा त्याच रश्शात वाढतात. ‘दाशी नको’ हे जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा आणि ऑर्डर देण्याआधीच दाखवा. रोख येन बरोबर असू द्या. छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.

परतीच्या बस चारनंतर भरून येतात. उतार असल्यामुळे पायी निघालात तर बऱ्याचदा बसच्या आधी स्टेशनवर पोहोचता. पानांचा रंग बघायला ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला आलात तर एक्सप्रेसची परतीची जागा जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढा, कारण संध्याकाळच्या गाड्या आधी भरतात. १७-१८ मे आणि १६-१७ ऑक्टोबरला उत्सव असतात. मिरवणूक बघायची असेल तर ते दिवस उत्तम, कोरीवकाम बघायचं असेल तर टाळा.